हुशार रोबोटचा अडाणी राखणदार

मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहिलेल्या कुणालाही ही हाक ओळखीची असेल: ‘लिफ्टचा दरवाजा लावा होऽऽ!’ चौथ्या मजल्यावर उतरताना कुणीतरी जाळीचं दार नीट सरकवलेलं नसतं आणि तळमजल्यावर भाजीच्या पिशव्या सांभाळत उभी असलेली मंडळी बटण दाबून दाबून वैतागलेली असतात. बटण ठीक आहे, मोटर ठीक आहे, वीजही आहे. तरी लिफ्ट जागची हलत नाही. वर चौथ्या मजल्यावर दार उघडं राहिलंय, हे तिला कसं कळतं?

खरं सांगायचं तर तिला काहीच कळत नाही. प्रत्येक मजल्यावर दाराच्या चौकटीत एक छोटा स्विच असतो आणि हे सगळे स्विच दिवाळीतल्या जुन्या माळेसारखे एकाच तारेत ओवलेले असतात. त्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. तसंच एक दार उघडं राहिलं की लिफ्टला हलायची परवानगी देणारी तार तुटते. लिफ्टने आधी कुणाच्या मजल्यावर जायचं, हा हिशेब आजकाल संगणक करत असेल. पण ‘हलू का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या माळेकडेच असतं आणि तिच्याशी वाद घालायची सोय संगणकाला दिलेली नसते.

चाकणच्या कारखान्यातला रोबोट, सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावरची बिनचालकाची टॅक्सी आणि प्रयोगशाळेत रात्रभर बाटल्या हलवणारा यांत्रिक हात, या तिघांबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात: यांच्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर? हे प्रोग्राम लाखो ओळींचे असतात. त्यात चूक नाही, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून या धंद्यातले जाणते लोक चूक होणारच असं धरून चालतात आणि ती अंगाशी येऊ नये याची तजवीज आधीच करून ठेवतात.

शिट्टी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा

स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर घ्या. रोजचं काम शिट्टी करते: वाफ जास्त झाली की वजन उचललं जातं, थोडी वाफ जाते, वजन पुन्हा बसतं. पण तूरडाळीचा फेस नळीत अडकून शिट्टी तुंबली तर? त्यासाठी झाकणावर दुसरीकडे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातला मिश्रधातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. इथे बारकाईने बघण्यासारखी गोष्ट अशी, की व्हॉल्व्ह म्हणजे दुसरी शिट्टी नव्हे. त्याची जागा वेगळी आणि काम करायची रीतही वेगळी. दोन शिट्ट्या बसवल्या असत्या तर एकच डाळ दोन्ही तुंबवू शकली असती.

रोबोटमध्येही अशीच वाटणी असते. एक भाग हुशार: कॅमेऱ्यातून बघतो, वाट आखतो, वस्तू ओळखतो. दुसरा भाग अगदी अडाणी: कुंपणाचं दार बंद आहे का, हाताचा वेग मर्यादेत आहे का, समोरच्या पट्ट्यात कुणी आलं का, एवढंच बघतो आणि शंका आली की मोटरचा जोर काढून घेतो. हा अडाणी भाग मुद्दाम लहान ठेवतात, कारण लहान गोष्ट कोपरान् कोपरा तपासता येते. पूर्वी तो निव्वळ रिलेंचा, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांचा असायचा; आता त्यातही प्रोग्राम असतो, पण तो वेगळ्या नियमांनी लिहिलेला, वेगळा तपासलेला आणि कुलपात ठेवलेला.

तार तुटली तरी थांबलं पाहिजे

रेल्वेत साखळी ओढली की गाडी का थांबते? साखळी ब्रेक ‘लावत’ नाही. गाडीभर एक नळी फिरलेली असते आणि तिच्यातल्या हवेचा दाब ब्रेकना चाकापासून दूर धरून ठेवतो. साखळी ओढली की ही हवा सुटते आणि ब्रेक आपोआप बसतात. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये पहिला हवेचा ब्रेक आणला, तेव्हा रचना उलटी होती: नळीत हवा भरली की ब्रेक लागायचे. म्हणजे नळी फुटली की ब्रेकच गेले. १८७२ च्या सुमारास त्याने ती फिरवली. आता डबे मधूनच तुटले तरी नळी तुटते, हवा जाते आणि दोन्ही तुकडे थांबतात. बिघाडाची दिशाच त्याने बदलून टाकली.

कारखान्यातलं पिवळ्या पाटीवरचं लाल, छत्रीसारखं बटण याच विचाराचं आहे. त्याला सगळे नुसतं ‘इमर्जन्सी’ म्हणतात. ते दाबल्यावर वीज जोडली जात नाही, तोडली जाते. त्यामुळे उंदराने तार कुरतडली तरी यंत्र बटण दाबल्यासारखंच थांबतं.

याहून सुंदर वस्तू पेंडंटच्या मागे असते. पेंडंट म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला फलक. शिकवताना माणसाला कुंपणाच्या आत, रोबोटच्या शेजारी उभं राहावं लागतं. म्हणून त्या वेळी रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत आणि पेंडंटच्या मागचा एक स्विच बोटांनी धरून ठेवावा लागतो. सोडला की रोबोट बंद. इथवर ठीक. पण घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडतोच असं नाही. पुष्कळदा तो ती आणखी घट्ट आवळतो. म्हणून या स्विचला तीन टप्पे असतात: सैल सोडला तर बंद, अर्धवट दाबला तर चालू, करकचून आवळला तर पुन्हा बंद. माणसाच्या भीतीचा इतका नेमका विचार केलेलं दुसरं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही.

गुरख्याची काठी

तार तुटलेली कळते. प्रोग्राम गोठलेला कसा कळणार? पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि आत विचार थांबलेला असतो.

रात्री गुरखा काठी आपटत जातो. तो आवाज येत असतो तोवर आपण झोपलेले असतो. काठी बंद झाली की दचकून उठणारे लोक मला माहीत आहेत. रोबोटच्या संगणकात असाच एक घड्याळवजा भाग असतो, त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. मुख्य प्रोग्रामने दर काही मिलिसेकंदांनी त्याच्याकडे हजेरी लावायची. हजेरी चुकली की वॉचडॉग कारण विचारत बसत नाही, सरळ यंत्र थांबवतो किंवा संगणक नव्याने सुरू करतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक असाच अधूनमधून स्वतःला पुन्हा सुरू करत होता. एक महत्त्वाचं काम कमी महत्त्वाच्या कामामागे अडकून पडत होतं आणि वॉचडॉग त्याला हिसका देऊन उठवत होता. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी कारण शोधून काढेपर्यंत यान तगलं ते या राखणदारामुळे.

वेळेचं महत्त्व गल्लीत क्रिकेट खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको. समोरच्याचं ‘नको!’ बरोबर होतं, पण आपण अर्ध्या पिचवर पोचल्यावर आलं, तर त्या बरोबर असण्याचा उपयोग काय? रोबोटमध्येही उशिरा आलेलं बरोबर उत्तर चुकीचंच धरतात. जगभरच्या संशोधकांत लोकप्रिय असलेली ‘रॉस’ ही रोबोटची सॉफ्टवेअर चौकट २००७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आकाराला आली, ती प्रयोग पटापट करता यावेत म्हणून. तिचे सुटे प्रोग्राम एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखे एकमेकांना निरोप टाकतात. पण निरोप अमुक वेळेत पोचेलच, याची हमी पहिल्या आवृत्तीत नव्हती. शिवाय ग्रुपच्या दाराला कडीही नव्हती. कुणीही आत शिरून हुकूम सोडू शकत होतं. प्रयोगशाळेत ते चालून गेलं. प्रयोगशाळेबाहेर चालणार नव्हतं, म्हणून ‘रॉस २’ ची मांडणी नव्याने झाली. तिच्यात निरोपाला मुदत घालता येते आणि पाठवणाऱ्याची ओळख पटवून घेता येते.

सगळ्यात महत्त्वाच्या जागी एकच प्रश्न दोन स्वतंत्र संगणकांना घालतात. बँकेत रोकड दोघांनी मोजायची आणि ताळा जुळला नाही तर काउंटर बंद करायचा, तसं. कोण चुकलं ते मागाहून बघू, आधी थांबू.

| चौकट: कारखान्यात कानावर पडणारे शब्द |
|---|
| सेल: रोबोट, त्याचं कुंपण आणि आतली यंत्रं मिळून होणारा कामाचा गाळा. |
| इंटरलॉक: एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी होऊ न देणारी अडवणूक. उदाहरणार्थ, दार लागल्याशिवाय रोबोट सुरू न होणं. |
| लाइट कर्टन: न दिसणाऱ्या प्रकाशरेषांचा पडदा. हात आडवा आला की यंत्र थांबतं. |
| कोबॉट: जोर मर्यादित ठेवलेला, कुंपणाशिवाय माणसाशेजारी वापरता यावा म्हणून बनवलेला रोबोट. |
| चेंजओव्हर: एक माल संपवून त्याच यंत्रावर दुसरा माल लावणं. |
| बायपास: इंटरलॉकला फसवणं. याबद्दल पुढे. |

फ्यूज उडत होते, तोवर बरं होतं

हुशार भागावरच सगळी भिस्त ठेवली तर काय होतं, याचं अभियंत्यांना शिकवलं जाणारं उदाहरण रोबोटचं नाही, पण त्याच्या सख्ख्या भावंडाचं आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारं ‘थेरॅक-२५’ हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना कितीतरी पट जास्त किरणोत्सर्ग दिला आणि त्यातले काही दगावले.

या यंत्राच्या कामाचे दोन प्रकार होते. एकात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर जायचा. दुसऱ्यात प्रचंड तीव्र झोत आधी धातूच्या अडसरावर आदळून त्याचे क्ष-किरण व्हायचे. तीव्र झोत चालू आणि अडसर बाजूला, ही जोडी कधीच जुळता कामा नये. ऑपरेटरने चुकून क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं आणि आठ सेकंदांच्या आत मागे जाऊन ते दुरुस्त केलं, तर प्रोग्रामच्या एका भागाला ही दुरुस्ती समजायची आणि दुसऱ्याला समजायची नाही. नेमकी तीच जोडी जुळायची. पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढंच उमटायचं. असे निरर्थक संदेश दिवसभर येतच असल्याने ऑपरेटर ‘पुढे चालू’ चं बटण दाबून मोकळे होत.

याच्या आधीच्या ‘थेरॅक-२०’ या यंत्रातही हीच चूक दडलेली होती. शिकागोतल्या एका विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली, की त्या यंत्राचे फ्यूज उडायचे. नवखे विद्यार्थी कसंही टाइप करणार! प्रोग्राम चुकायचा, स्वतंत्र विद्युत संरक्षण त्याला अडवायचं, फ्यूज जायचा, कुणीतरी नवा बसवायचं. नव्या यंत्रात, प्रोग्राम आहे ना, मग हे जादा संरक्षण कशाला, म्हणून ते काढून टाकलं होतं. चूक जुनीच होती. तिच्या वाटेतला राखणदार तेवढा गेला होता.

राखणदाराचं तोंड बांधणं

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी वेल्डिंगचा रोबोट बघायला गेलो होतो. कुंपणाच्या दाराला जिभेचा स्विच होता: दारावर धातूची जीभ, चौकटीत खाच, जीभ खाचेत गेली तरच रोबोट चालणार. दार मात्र सताड उघडं आणि रोबोट मजेत ठिणग्या उडवतोय. जवळ जाऊन पाहिलं, तर खाचेत एक सुटी जीभ खुपसलेली होती, आणि ती हरवू नये म्हणून सुतळीने कुंपणाला बांधलेली. निगुतीने केलेलं काम! मेंटेनन्सवाला कसनुसं हसत म्हणाला, “साहेब, दार जरा हललं तरी लाइन बंद पडते. दिवसातून पंधरा वेळा. माल कधी काढायचा?”

तो आळशी नव्हता की बेफिकीर. दाराची बिजागरी सैल होती. राखणदार उगाचच भुंकत होता, म्हणून त्याचं तोंड बांधलं, एवढंच. २०१५ साली जर्मनीत बाउनाटाल इथे आणि त्याच वर्षी हरियाणातल्या मानेसरला रोबोटमुळे कामगारांचे मृत्यू झाले, तेव्हा दोन्ही ठिकाणी माणूस रोबोटच्या वावराच्या हद्दीत होता. माणूस आत का जातो, याचं उत्तर बहुतेकदा असल्याच एखाद्या सैल बिजागरीत सापडतं.

आता हीच सुतळी प्रोग्राममध्ये कशी दिसते ते बघा. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची चाचणीची स्वयंचलित गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने जात होती. हातात सायकल धरून एक महिला रस्ता ओलांडत होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी, म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतरावरून, गाडीच्या रडारला ती दिसली होती. मग प्रोग्राम तिला कधी वाहन समजला, कधी ‘अन्य वस्तू’, कधी सायकल. समजूत बदलली की तो तिची आधीची वाटचाल विसरून जायचा, जणू ती वस्तू त्या क्षणी नव्यानेच उगवली. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यावर येऊ शकतो, ही गोष्ट त्याला शिकवलेलीच नव्हती. (आपल्याकडे त्याची पहिल्या चौकातच शिकवणी झाली असती.)

धडक अटळ आहे हे त्याला १.२ सेकंद आधी उमगलं. पण गाडी उगाच ब्रेक मारते अशा तक्रारी टाळण्यासाठी जोरदार ब्रेकआधी एक सेकंद थांबायची तरतूद केलेली होती. व्होल्वोच्या त्या गाडीत कारखान्यातूनच आलेली आपत्कालीन ब्रेकची यंत्रणाही होती; दोन यंत्रणांची एकमेकींत लुडबूड नको म्हणून स्वयंचलित प्रवासात ती बंद ठेवली होती. शेवटची भिस्त स्टिअरिंगमागच्या माणसावर, आणि त्याचं लक्ष मोबाइलवर. ती महिला वाचली नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल वाचताना मला पुन्हा पुन्हा भोसरीतली ती सुतळी आठवत राहिली.

थांबावं, पण कसं?

आतापर्यंत ‘शंका आली की थांब’ एवढंच सूत्र पुरलं. लिफ्ट थांबली की झालं. पण द्रुतगती मार्गाच्या मधल्या पट्टीत अचानक थांबलेली गाडी सुरक्षित असते का, हे बोरघाटात बंद पडलेल्या ट्रकमागे गाडी चालवलेल्यांना विचारा. म्हणून वाहनांत ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी जोडीची व्यवस्था ठेवतात. एक बिघडली तरी दुसरीने गाडी कडेला नेता आली पाहिजे.

कडेला नेणंही कधी घात करतं. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या एका गाडीने पादचारी महिलेला उडवलं आणि ती शेजारच्या ‘क्रूझ’ कंपनीच्या बिनचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक लावले, तिला धडकली, थांबली. आणि मग, टक्कर बाजूने झाली आहे अशा समजुतीने, वाहतुकीला अडथळा नको म्हणून रस्त्याच्या कडेला निघाली. ती महिला खाली अडकलेली असताना, सुमारे सहा मीटर. नियम पाळला गेला, पण परिस्थिती त्या नियमातली नव्हती. माणूस चालक असता तर त्याने खाली उतरून पाहिलं असतं. टॅक्सीला खाली कुणी अडकलंय हे कळलंच नाही.

प्रयोगशाळेत हा प्रश्न आणखी गमतीदार होतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात २०२० मध्ये अँड्र्यू कूपर यांच्या गटाने चाकांवर फिरणाऱ्या यांत्रिक हाताकडून आठ दिवसांत ६८८ प्रयोग करून घेतले. लेसरने आणि स्पर्शाने वाट काढत असल्यामुळे तो अंधारातही काम करत होता. असा रोबोट माणूस आडवा आला तर थांबलाच पाहिजे. पण त्याच्याबरोबर सगळी प्रयोगशाळा थांबवली तर? उष्णता फेकणारी प्रक्रिया चालू असताना ढवळणं आणि थंड पाणी बंद केलं, तर भांडं तापतच जाणार. विषारी वाफा ओढणारा पंखा बंद केला, तर आणखी पंचाईत. म्हणून लाल बटण दाबल्यावर हात थांबावा, पंप आणि पंखा चालू राहावा, अशी एकेका यंत्राची यादी आधीच करावी लागते. शिवाय इथे कुणाला खरचटल्याशिवायही मोठं नुकसान होऊ शकतं: दोन नमुन्यांची अदलाबदल. त्यावर उपाय अगदी घरगुती आहे. बाटली उचलताना आणि ठेवताना, दोन्ही वेळा बारकोड वाचायचा.

माल बदलला की हद्द बदलते

पूर्वी एक रोबोट वर्षानुवर्षं एकच काम करायचा. कुंपण एकदा मोजून घातलं की संपलं. आता सकाळी एक माल आणि दुपारी दुसरा, असं लवचिक उत्पादन हवं असतं, आणि कुंपणाऐवजी जमिनीलगत नजर फिरवणारा लेसर स्कॅनर असतो. माणूस किती अंतरावर आला की रोबोटने थांबायला लागायचं? यंत्रसुरक्षेच्या मानकातला हिशेब सोपा आहे: चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरायचा, त्याला रोबोट पूर्ण थांबेपर्यंतच्या वेळाने गुणायचं आणि पुढे झुकलेल्या हाताच्या पोचेचे, जमिनीलगतच्या स्कॅनरसाठी, साधारण १२० सेंटिमीटर मिळवायचे. रोबोट अर्ध्या सेकंदात थांबत असेल, तर ८० अधिक १२०, म्हणजे २ मीटर. आता दुपारी त्याच रोबोटच्या हातात जड कास्टिंग दिलं आणि थांबायला ०.७ सेकंद लागू लागले, तर हाच आकडा २ मीटर ३२ सेंटिमीटर होतो. म्हणजे सकाळची पिवळी पट्टी दुपारी फूटभर अपुरी. प्रोग्राममध्ये फक्त मालाचं नाव बदललेलं असतं.

कोबॉटचंही तेच. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात असे रोबोट माणसांच्या बरोबरीने काम करतात. धक्का किती जोराचा चालेल याच्या मर्यादा २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात आल्या: बोटं चेपली जाण्यासाठी १४० न्यूटन, म्हणजे साधारण १४ किलोंच्या वजनाइतका भार, आणि चेहऱ्यासाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी, ६५ न्यूटन. पण तितक्याच जोराने गोल रबरी टोक लागणं वेगळं आणि पत्र्याची धारदार कड लागणं वेगळं. रोबोट तोच, हातातली वस्तू बदलली. म्हणूनच औद्योगिक रोबोटांच्या २०२५ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मानकात ‘सहयोगी रोबोट’ हा शब्दप्रयोगच गाळला गेला आणि त्याऐवजी ‘सहयोगी उपयोग’ म्हटलं गेलं.

भोसरीच्या त्या कारखान्यात मी मागच्या वर्षी पुन्हा गेलो. जिभेचा स्विच गेला होता, त्याच्या जागी फक्त आपल्याच जोडीदाराला ओळखणारा सांकेतिक स्विच होता. बिजागरी नवी होती. शिफ्ट सुरू होताना ऑपरेटरने रोबोट चालू केला, मग मुद्दाम दार उघडलं, रोबोट थांबल्याचं पाहिलं, वहीत सही केली आणि दार लावून कामाला लागला. जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या, एक पुसट, एक ताजी. मी मधल्या जागेत पाऊल ठेवून पाहिलं. बरोबर माझ्या बुटाएवढी होती.